मोर्चाआधीची एलन

मंडळी, ब्रिटनच्या मजूर पक्षाची नेती एलन विल्किन्सन म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. १९३६ सालचा ऑक्टोबर, गोदी बंद पडलेल्या, उत्तर इंग्लंडमधल्या जॅरो गावचे दोनशे बेकार पुरुष, आणि त्यांच्यासोबत लंडनच्या वाटेवर निघालेली त्यांची खासदार, उंची पाच फुटांच्याही आत. चित्र खरं आहे, पण त्यानं तिच्या आधीच्या आयुष्यावर पडदा टाकला. मोर्चा वाटेत असतानाच तिला पंचेचाळीस पूर्ण झाली. इतक्या वयापर्यंत ही बाई काय करत होती, हे कुणी विचारत नाही. त्या काळच्या वर्तमानपत्रांना तिच्या लाल केसांचं आणि कपड्यांचं वेड, नंतरच्यांना मोर्चाचं. माझं म्हणणं असं की तिचं राजकारण घडलं ते पगाराच्या वाटाघाटींत, दुकानात काम करणाऱ्या बायकांमध्ये. आज ते सांगतो आणि मग मंत्रिपदापर्यंत येतो.

जन्म १८९१, मँचेस्टर. वडील आधी कापूस गिरणीत, मग विमा एजंट. मेथडिस्ट पंथाचे, प्रवचनं करणारे. स्वतःच्या हिमतीवर वर आलेला माणूस, त्यामुळे बाकीच्यांनाही ते जमायला हवं असं त्यांचं ठाम मत. मुलगी उलट्या निष्कर्षाला पोचली. पण डार्विन, हक्स्ले वाचायची गोडी तिला या वडिलांनीच लावली, हे विसरून चालणार नाही. घरात वाद घालायची मुभा होती. ज्या मुलीला वडिलांशी वाद घालता येतो, तिला पुढे कुणाचीच भीती वाटत नाही. इथे बसलेल्या मुलींच्या वडिलांनी हे लक्षात घ्यावं, मी मनापासून सांगतोय.

१९०६ साली तिला पंचवीस पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली. अर्धा आठवडा अध्यापनाचं शिक्षण घ्यायचं, अर्धा आठवडा प्राथमिक शाळेत शिकवायचं. पंधरा वर्षांची पोर मुलांचे वर्ग सांभाळते आहे! शिकवण्याची तिची रीत शाळेच्या वरिष्ठांना रुचली नाही आणि शिक्षकी पेशा आपला नव्हे हे तिला तिथेच कळलं. सोळाव्या वर्षी ती इंडिपेंडंट लेबर पार्टी या समाजवादी पक्षात गेली. १९१० ला मँचेस्टर विद्यापीठात इतिहास घेतला, तोही शिष्यवृत्तीवर. प्राध्यापकांना खात्री होती, पहिला वर्ग मिळणार. मिळाला दुसरा, वरच्या श्रेणीचा. तिनं पुढे सांगितलं की पहिला वर्ग आपण जाणूनबुजून सोडला, कारण तेव्हा मँचेस्टरमध्ये संप पेटला होता आणि मोकळा वेळ तिकडे दिला. आपल्याकडे कुणा मुलीनं घरी येऊन हे सांगितलं तर काय होईल, याचा अंदाज तुमच्या चेहऱ्यांवरून येतोच आहे.

आता माझ्या आवडत्या भागाकडे येतो. आयोजकांनी जरा धीर धरावा.

१९१५ साली सहकारी संस्थांमधल्या कर्मचाऱ्यांच्या युनियननं तिला महिला संघटक म्हणून घेतलं. महायुद्ध चालू, पुरुष आघाडीवर, त्यांच्या जागी बायका आलेल्या; काम तेच आणि पगार कमी. एलनचं काम म्हणजे गावोगाव जाऊन त्यांना युनियनमध्ये आणायचं आणि समान पगारासाठी भांडायचं. भांडायचं कुणाशी? सहकारी संस्थेशी! १८४४ साली रॉशडेलच्या विणकरांनी सहकारी दुकान काढलं, ती गोष्ट आपल्याकडे सहकाराच्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. ते रॉशडेल मँचेस्टरच्या अगदी जवळ. संस्था सभासदांची, नफा सभासदांचा, सगळं खरं. पण दुकानात राबणाऱ्या बाईसाठी ती संस्था मालकच असते आणि सभासदाला स्वस्त माल हवा असला तर तिचा पगार आड येतो. सहकारावर श्रद्धा असणाऱ्या लोकांसमोर उभं राहून एलनला हे बोलावं लागलं. कारखानदाराशी भांडण्यापेक्षा हे अवघड, कारण समोरचा माणूस स्वतःला तुमच्याच बाजूचा समजत असतो. महाराष्ट्रात सहकाराच्या गौरवाची भाषणं मी पुष्कळ ऐकली. त्यांत कामगार बाईचा उल्लेख क्वचितच आला, आणि याचं मला वाईट वाटतं.

१९१८ च्या उन्हाळ्यात मँचेस्टरमधल्या लाँगसाइटच्या सहकारी छापखान्यात लांबलेला संप झाला. तिची रीत प्रतिस्पर्धी युनियनच्या लोकांना अतिरेकी वाटली आणि तिच्या युनियननं तिला नोकरीवरून काढलं. सभासद उठले, त्यांनी निषेध केला. तिलाही संपातल्या वागण्याबद्दल माफी मागावी लागली आणि मग ती परत आली. चरित्र सांगणारे त्या माफीवरून घाईनं पुढे जातात. मला ती महत्त्वाची वाटते. संघटना टिकवायची तर मान कुठे ताठ ठेवायची आणि कुठे वाकवायची, हे ती सव्विसाव्या वर्षी शिकली. पुढे कमी पगाराच्या धंद्यांतलं किमान वेतन ठरवणाऱ्या मंडळांवर युनियननं तिला पाठवलं. तिथे आठवड्याच्या पगारातल्या पेनीपेनीवर घासाघीस चाले.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत म्हणे. तर भरभर.

१९२० ला ती ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत होती, १९२४ ला बाहेर पडली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पूर्व मिडल्सबरोतून निवडून आली. मजूर पक्षाची निवडून आलेली ती एकटी बाई. १९३१ ला हरली. १९३२ ला इंडिया लीग या भारताच्या स्वातंत्र्यासाठी ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या संस्थेच्या शिष्टमंडळातून भारतात आली, कृष्ण मेनन सचिव. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात, त्यांना ती भेटली. यावर वेगळं व्याख्यान व्हायला हवं. १९३५ ला जॅरो, पुढच्या वर्षी मोर्चा. सरकारनं हाती काही दिलं नाही.

पण १९३८ चा हप्तेबंद खरेदीचा कायदा पाहा. सरकारचा नव्हे, तिनं स्वतः आणलेल्या विधेयकातून झालेला. शेवटचे दोनचार हप्ते थकले की दुकानदार सगळी वस्तू उचलून न्यायचा. एक तृतीयांश रक्कम भरली असेल तर न्यायालयाच्या आदेशाशिवाय वस्तू उचलता येणार नाही, असं या कायद्यानं ठरवलं. ज्या बाईनं वीस वर्षं दुकानातल्या बायकांचे पगार मोजले, तिलाच हे सुचणार.

१९४५ ला पंतप्रधान ॲटलींच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री. शाळेत मोफत दूध तिच्याच काळात. शाळा सोडण्याचं किमान वय चौदावरून पंधरा होणार होतं, तारीख १ एप्रिल १९४७. जानेवारीत पैशांच्या टंचाईमुळे मंत्रिमंडळात ते पुढे ढकलायचा विचार आला. ती भांडली, जिंकली. ६ फेब्रुवारीला ती गेली, पण तारीख बदलली नाही.

येरवड्याबद्दल कुणाला विचारायचं असेल तर खाली भेटा, मी थांबतो आहे.