टरफलांवरून निदान होत नाही

रत्नागिरीची टिळक आळी. इथल्या एका कौलारू घरात २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्य टिळक जन्मले. त्यांच्या शाळेतल्या दोन गोष्टी महाराष्ट्रात पोराटोरांनाही पाठ असतात. शेंगा मी खाल्ल्या नाहीत, टरफलं उचलणार नाही. आणि 'संत' तीन तऱ्हांनी लिहून तिन्ही बरोबर, म्हणून मास्तरांशी घातलेला वाद.

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलाच्या आईला या गोष्टींत आपलं मूल दिसू शकतं. नियम म्हणजे नियम. पटल्याशिवाय हलायचं नाही. मग ती विचारते, टिळकही असेच असतील का?

अमेरिकेत थॉमस जेफरसन यांच्याबद्दल हाच प्रश्न विचारला गेला. हे राष्ट्राध्यक्ष रोजचं तापमान आणि रोजचा खर्च वर्षानुवर्षं टिपून ठेवत. भाषण टाळत. १८०१ साली काँग्रेसपुढचं, म्हणजे तिथल्या संसदेपुढचं, वार्षिक निवेदनही त्यांनी स्वतः न वाचता लिहून पाठवलं. २००० साली एका पत्रकाराने त्यांच्या स्वमग्नतेवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्या पत्रकाराचा मुलगाही स्वमग्न होता. बापाची ती ओढ मला अगदी जवळची वाटते. आपल्या लेकराला मोठ्यांच्या पंगतीत जागा मिळावी, असं कुणाला वाटणार नाही?

तरीही निदान असं होत नाही. हाक मारल्यावर मूल बघतं का, हवं ते बोटाने दाखवतं का, मिक्सरच्या आवाजाने कान झाकून घेतं का, हे सगळं लहानपणीच पाहावं लागतं. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचं वर्णन केलं १९४३ साली. जेफरसन गेले १८२६ मध्ये, टिळक १९२० मध्ये. त्यांच्या बालपणी या नजरेने बघणारं कुणी नव्हतंच. मागे उरल्या आख्यायिका, त्याही माणूस मोठा झाल्यावर निवडून सांगितलेल्या. मंडालेच्या तुरुंगात काही महिन्यांत पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिणारी एकाग्रता विलक्षण खरीच, पण एकाग्रता म्हणजे स्वमग्नता नव्हे. आणि उलट, टिळकांनी सभा गाजवल्या म्हणून ते स्वमग्न नसतील, असंही म्हणता येत नाही. स्वमग्न माणसं सभाही गाजवू शकतात.

मला खटकतं ते वेगळंच. टिळकांच्या ज्या हट्टाला आपण बाणेदारपणा म्हणतो, तोच हट्ट दापोलीच्या किंवा मालवणच्या शाळेतल्या पोराने केला, की त्याला आगाऊ ठरवतो. त्या पोराला आज तपासता येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेची नोंद आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं असतात. दीड-दोन वर्षांचं मूल हाकेला बघत नसेल, तर 'आमच्यात मुलगे उशिराच बोलतात' म्हणत थांबू नका. अंगणवाडीताईंना सांगा, पथक येईल त्या दिवशी मुलाला घेऊन जा, आणि घरात काय काय दिसतं ते डॉक्टरांना सविस्तर सांगा.