तलंग अंड्यावर का येत नाही?

मित्रहो, घरी हौसेने कोंबड्या पाळणारी मंडळी मला सर्वांत जास्त वेळा विचारतात ते हे, की तलंगा, म्हणजे अजून अंडी घालू न लागलेल्या तरुण कोंबड्या, चांगल्या भरलेल्या दिसतात, ५ महिने उलटले, तरी खुराड्यात अंडे का दिसत नाही? ही अधीरता मला समजते, कारण दिव्याच्या उबेत ठेवलेल्या पिल्लापासून तुम्ही तिला वाढवलेले असते. पण वय मोजण्याआधी जात पाहिली पाहिजे. लेगहॉर्नसारख्या हलक्या जाती आणि खास अंड्यांसाठी तयार केलेले संकर साधारणपणे १८ ते २२ आठवड्यांत अंड्यावर येतात. अंगाने जड असलेल्या जाती २४ ते २८ आठवडे घेतात, आणि ब्रह्मा किंवा कोचीन यांच्याबाबतीत ७ ते ९ महिने थांबावे लागले तरी त्यात वावगे काही नाही.

या काळात तलंग रिकामी बसलेली नसते. कोंबडीचा बहुधा डावा बीजांडकोशच कार्यरत होतो, आणि त्यातला एक बलक पूर्ण वाढण्यास शेवटचे ७ ते १० दिवस लागतात. त्याहून विलक्षण गोष्ट हाडांत घडते. पहिल्या अंड्याच्या सुमारे २ आठवडे आधी, स्त्री-संप्रेरकांच्या प्रभावाने, पायांच्या लांब हाडांच्या पोकळीत एक खास अस्थी तयार होऊ लागते; कवचाला लागणाऱ्या सुमारे २ ग्रॅम कॅल्शियमचा काही भाग रात्री, पोटातले खाद्य संपल्यावर, याच साठ्यातून येतो. ही तयारी पुरती होण्याआधी तिला अंड्यावर आणण्याची घाई करणे मला अन्यायाचे वाटते.

शरीर तयार असूनही विलंब होतो तेव्हा मी प्रथम उजेडाची चौकशी करतो. कोंबडीला दिवसाची लांबी केवळ डोळ्यांनी कळत नाही; कवटीतून आत झिरपणारा प्रकाश मेंदूतील संवेदनशील पेशी थेट टिपतात आणि तेथून बीजांडकोशाला जागे करणाऱ्या संप्रेरकांची साखळी सुरू होते. विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशात उन्हाळ्याच्या अखेरीस जन्मलेली तलंग वयात येते ती नेमकी दिवस लहान असताना, आणि मग पुष्कळदा दिवस मोठा होईपर्यंत थांबते. अशा वेळी दिवा लावून एकूण उजेड १४ ते १६ तासांपर्यंत हळूहळू नेता येतो. दिवा पहाटे लावावा, कारण संध्याकाळी तो एकाएकी विझला तर पक्षी बसण्याच्या दांडीपर्यंत पोहोचण्याआधीच अंधारात अडकतात. मात्र वाढ पुरी न झालेल्या तलंगेला उजेड वाढवून लवकर अंड्यावर आणले, तर अंडी लहान येतात आणि अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो.

खाद्यात चूक होते ती बहुधा प्रेमापोटी. मुठी-मुठीने टाकलेले धान्य आणि स्वयंपाकघरातील उरलेसुरले खाऊन पोट भरते, पण त्यामुळे संतुलित खाद्यातील प्रथिनांचे प्रमाण घटते आणि तलंग वजनाने जड असूनही मागे पडते. अंड्यांवरच्या कोंबडीच्या खाद्यात साधारणपणे १६ ते १८ टक्के प्रथिने आणि ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असते. हे कॅल्शियमयुक्त खाद्य फार आधीपासून देऊ नये, कारण वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडांना ते सोसत नाही. पाण्याचा विसर पडू देऊ नका. अंड्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो.

जंत, रात्री रक्त शोषणाऱ्या लाल गोचिड्या, खुराडे बदलणे, थोराड कोंबड्यांची दांडगाई, कडक उष्मा, यांपैकी कशानेही काही आठवडे सहज लांबतात. आणि हो, अंडी कुठे झुडपात तर पडत नाहीत ना, हेही एकदा पाहा. ४-५ कोंबड्यांमागे एक अंधारी, कोरडी, गवत घातलेली जागा पुरते. तिथे एखादे खोटे अंडे ठेवले की नवख्या तलंगेला ती जागा पटते.

वेळ जवळ आली की तुरा लालबुंद होतो, ती कोपरे धुंडाळू लागते, आणि पाठीवर हात ठेवताच पंख किंचित पसरून खाली बसते. मग हळुवारपणे तिच्या मागच्या बाजूची दोन टोकदार हाडे चाचपून पाहा: त्यांच्यामध्ये अजून जेमतेम एक बोट मावत असेल तर थांबा, दोन-तीन बोटे मावत असतील तर गवत बदलून ठेवा. पहिले अंडे लहान, मऊ कवचाचे किंवा बलकाविना आले, तर औषध शोधत धावू नका; नव्या बीजांडवाहिनीची घडी बसायला काही आठवडे लागतात.