बातमीत न मावलेलं : अरुण साधू, वार्ताहर आणि कादंबरीकार

(दृश्य : जुना टाइपरायटर. मध्ये कार्बन घालून लावलेले दोन कागद. रोलर फिरल्याचा आवाज.)

निवेदन :

"मुख्यमंत्री आणि अर्थमंत्री यांच्यात मतभेद असल्याचे विश्वसनीय गोटातून समजते."

मंत्रालयाची बीट सांभाळणाऱ्या वार्ताहराच्या हातून अशी वाक्यं किती उतरली असतील, त्याची मोजदाद नाही. पण या एका वाक्यामागे दिवसभराची पायपीट असते. मंत्र्याचा पी. ए. जाता जाता काहीतरी पुटपुटतो. वार्ताहर ते मनात ठेवून विरोधी गटाच्या आमदाराला गाठतो आणि चहा घेता घेता दुसऱ्याच टोकाकडून विषय काढतो. अधिकारी फाइल दाखवत नाही, ती कुणाच्या टेबलावर अडली आहे एवढं मात्र सांगतो. तीन ठिकाणांहून एकच गोष्ट कळली की बातमी पक्की, असा ढोबळ हिशेब. पण त्या तिघांनी ती एकाच माणसाकडून ऐकलेली असेल तर? नवखे इथे फसतात. मुरलेल्यांची अडचण वेगळी. सांगणारा का सांगतोय हे त्यांना नेमकं कळतं, फक्त ते छापता येत नाही. नाव द्यायचं नाही असं आधीच ठरलेलं. हेतू लिहिला तर ती टिप्पणी झाली, आणि टिप्पणी करणं वार्ताहराचं काम नव्हे.

मग कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, संपादनाच्या डेस्कवर जाते. जागा कमी पडली की उपसंपादक बातमी खालून कापतो. म्हणून कोण, कुठे, केव्हा हे वर घालायचं आणि उरलेलं खाली ढकलायचं, अशी हाताला सवयच लागते. माणसं बहुतेकदा त्या उरलेल्यातच असतात.

अरुण साधूंनी हे उरलेलं टाकून दिलं नाही.

(दृश्य : अमरावती–परतवाडा रस्ता. दूरवर मेळघाटचे डोंगर.)

निवेदन :

17 जून 1941 रोजी परतवाड्यात त्यांचा जन्म झाला. शिक्षण विज्ञानाचं. पत्रकारितेची सुरुवात पुण्यात 'केसरी'मध्ये. श्री. ग. माजगावकरांच्या 'माणूस' साप्ताहिकातून त्यांनी चीनच्या क्रांतीवर लेखमाला लिहिली. तिचं पुस्तक झालं, 'आणि ड्रॅगन जागा झाला'. 1962 चं युद्ध ताजं असताना चीन समजून घ्या म्हणणं सोपं नव्हतं. पाठोपाठ क्यूबाकडे नजर गेली आणि 'फिडेल, चे आणि क्रांती' आलं. जग बदलू पाहणाऱ्या राजकारणाचं हे कुतूहल पुढे मुंबईतल्या राजकारणाकडे पाहतानाही सुटलं नाही. त्यामुळे तिथल्या कुरघोड्या त्यांना निव्वळ करमणूक वाटल्या नाहीत.

मुंबईत 'इंडियन एक्स्प्रेस', 'टाइम्स ऑफ इंडिया', 'स्टेट्समन' ही इंग्रजी वर्तमानपत्रं. पुढे ते 'फ्री प्रेस जर्नल'चे संपादक झाले. म्हणजे पोटापाण्याचं लेखन इंग्रजीत आणि कादंबरी मराठीत. याचा एक फायदा झाला असावा. रोजच्या बातमीची ठरीव भाषा, ते 'समजते' आणि 'कळते', कादंबरीच्या भाषेत झिरपले नाहीत. त्यांची पात्रं बोलतात तेव्हा कुणी मराठवाड्यातला वाटतो, कुणी गिरणगावातला.

(दृश्य : वर्तमानपत्राचं जुनं पान. कॅमेरा बातमीच्या पहिल्या ओळीवर थांबतो : "मुंबई, दि.")

निवेदन :

साधूंच्या कादंबरीचं 'मुंबई दिनांक' हे नाव नीट पाहा. बातमीच्या डोक्यावर गाव आणि तारीख येते, त्या ओळीचा हा अर्धा तुकडा. पुढे तारीखच नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या या कादंबरीत एकच एक नायक शोधू गेलात तर हाती काही लागत नाही. मंत्री, कामगार पुढारी, पत्रकार, गुन्हेगारीच्या कडेकडेनं जगणारी माणसं एकमेकांना घासून जातात आणि शहर चालू राहतं. मराठी कादंबरीत मुंबई तोवर पुष्कळदा आली होती, पण सत्ता, पैसा आणि घाम एकाच धाग्यात इतके घट्ट क्वचितच आले होते.

'सिंहासन' आली 1977 मध्ये. तिच्यातला डाव समजायचा तर त्या काळचं गणित माहीत हवं. 1972 च्या विधानसभा निवडणुकीत 270 पैकी 222 जागा काँग्रेसच्या. एवढं बहुमत असलं की विरोधी पक्ष मुख्यमंत्र्याला पाडू शकत नाही, त्याला धोका स्वतःच्याच माणसांचा. म्हणून बीटवरच्या वार्ताहरानं सभागृहातल्या भाषणांपेक्षा गटांकडे लक्ष ठेवायचं. साखर कारखान्याचा परवाना कोणत्या तालुक्याला मिळाला? महामंडळाचं अध्यक्षपद कुणासाठी रिकामं ठेवलंय? जिल्हा बँकेत कुणाचं पॅनेल आलं? आणि दिल्लीवारी करून आलेल्या पुढाऱ्याला श्रेष्ठींनी भेट दिली की नुसतंच बसवून ठेवलं? डोकी मोजून सगळं भागत नाही. नाराज आमदार एकटा फुटत नाही, त्याचा जिल्हा त्याच्याबरोबर हलावा लागतो.

'सिंहासन'मध्ये मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे आणि अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे यांच्यातली चढाओढ याच गणितावर चालते, आणि तिच्या मधोमध फिरतो पत्रकार दिगू टिपणीस. दोन्ही बाजू त्याच्याशी बोलतात, कारण दोघांनाही तो उपयोगी पडतो. त्याच्या व्यवसायाचा सगळ्यात नाजूक सांधा इथेच आहे. माहिती मिळवायला जवळ जावं लागतं, आणि फार जवळ गेलेला वार्ताहर नकळत निरोप्या होतो. आपण बातमी आणतोय की कुणाची तरी बातमी पोचवतोय, हे त्यालाच कळेनासं होतं.

(दृश्य : जुन्या विधानभवनाची इमारत, कुलाबा. संध्याकाळ.)

निवेदन :

1978 च्या निवडणुकीत गणित फिरलं. विधानसभेच्या जागा आता 288. काँग्रेस एव्हाना दुभंगली होती. जनता पक्षाला 99, काँग्रेसला 69, इंदिरा काँग्रेसला 62. वसंतदादा पाटलांचं दोन्ही काँग्रेसचं सरकार काही महिनेच टिकलं. आपल्या गटासह बाहेर पडलेले शरद पवार 18 जुलै 1978 रोजी मुख्यमंत्री झाले. लोक म्हणू लागले, साधूंनी आधीच लिहून ठेवलं होतं. हे कौतुक जरा आळशी आहे. भविष्य सांगण्याची त्यांना गरज नव्हती. यंत्र आतून कसं चालतं हे रोज पाहणाऱ्याला ते कुठे तुटणार याचा अंदाज येतोच.

दोन्ही कादंबऱ्या मिळून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचं, आणि 1979 मध्ये 'सिंहासन' पडद्यावर आला. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, डॉ. श्रीराम लागू अर्थमंत्री. दिगू टिपणीससाठी निवड झाली ती निळू फुले यांची. ज्या चेहऱ्यावर लोकांनी आजवर गावगुंडी पाहिली होती, त्या चेहऱ्यावर आता चष्मा आणि थकवा. शेवटी दिगू हसत सुटतो. त्या हसण्याचं बातमीत रूपांतर करता येत नाही.

यातला कोणता मंत्री खरा कोण, हा खेळ तेव्हाही चालला, आजही चालतो. त्यानं कादंबरीचं नुकसानच होतं. नावं जुळवली की वाचक निवांत होतो. तो पुढारी गेला, विषय संपला.

(दृश्य : पुस्तकांचं प्रदर्शन. पानं चाळणारे हात.)

निवेदन :

पुस्तक वाचकाच्या दारात, त्याला परवडेल अशा किमतीत पोचवायचं म्हणून सत्तरच्या दशकात 'ग्रंथाली' वाचक चळवळ उभी राहिली. दिनकर गांगल यांच्यासोबत तिच्या उभारणीत साधूही होते. याच 'ग्रंथाली'नं 1978 मध्ये दया पवारांचं 'बलुतं' छापलं. पुढे जब्बार पटेलांच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील चित्रपटाच्या पटकथेत दया पवार, सूनी तारापोरवाला आणि साधू ही नावं एकत्र दिसतात. पुणे विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाचं प्रमुखपद, विक्रम सेठ यांच्या दीड हजार पानांच्या आसपासच्या इंग्रजी कादंबरीचा 'शुभमंगल' हा मराठी अनुवाद, 2007 मध्ये नागपूरच्या 80 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, 2015 मध्ये जनस्थान पुरस्कार. यादी लांबवता येईल.

(दृश्य : लोकलचा फलाट. लाकडी पेटी, ब्रश, काळ्या पॉलिशची डबी.)

निवेदन :

त्यापेक्षा 'झिपऱ्या'कडे वळू. मंत्रालयापासून चालत दहा मिनिटांवर चर्चगेट स्टेशन. मुंबईच्या लोकलच्या जगात बूटपॉलिश करून जगणारी पोरं या कादंबरीच्या केंद्रस्थानी आहेत. ब्रशच्या पाठीनं पेटीवर टकटक करून ती गिऱ्हाइकाला बोलावतात. त्यांच्याबद्दल कुणी पत्रकार परिषद घेत नाही, त्यांची फाइल कुठे अडत नाही. वर्तमानपत्रात त्यांना जागा मिळते ती बहुधा रुळांवर काही घडलं तर. एक परिच्छेद, तोही तळाशी, जो डेस्कवर सगळ्यात आधी कापला जातो.

25 सप्टेंबर 2017 रोजी मुंबईत अरुण साधूंचं निधन झालं. 'झिपऱ्या'वरचा चित्रपट त्यानंतर, 2018 मध्ये प्रदर्शित झाला.

(ध्वनी : लोकल सुटते. पेटीवर ब्रशची टकटक.)