दोराच्या टोकाला कोण उभी आहे?

[पडद्यावर : कृष्णधवल कौटुंबिक फोटो. लाकडी कुंपण, तीन मुलं, शाल पांघरलेली बाई, हातात दोर धरलेला म्हातारा. कॅमेरा हळूहळू दोराच्या दुसऱ्या टोकाकडे सरकतो.]

माणसं ओळखून झाली. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने नावं आहेत, मांडीवरचं बाळ कोणाचं तेही लिहिलंय. दोराच्या टोकाला उभी आहे तिच्याविषयी मात्र एक अक्षर नाही. पांढरी लोकर, काळं तोंड, शिंगं नाहीत. मेंढ्यांतलं थोडंफार कळणारा कोणीही म्हणेल, सोपं आहे की, सफोक जातीची मेंढी!

आम्हीही तेच म्हणालो होतो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

कारण पहिला प्रश्न वेगळाच आहे. ते तोंड खरोखर काळं होतं का?

[पडद्यावर : काचेची जुनी निगेटिव्ह उजेडासमोर धरलेली.]

पूर्वी फोटो काचेवर निघायचे. त्या काचेवरच्या रसायनाला निळा उजेड दिसायचा, लाल जवळजवळ दिसतच नसे. १८७३ मध्ये हर्मन फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाला रसायनात रंगद्रव्य मिसळलं तर काचेला हिरवाही दिसतो, हे सापडलं. लालासकट सगळे रंग टिपणाऱ्या काचा बाजारात यायला १९०६ उजाडलं. घरगुती कॅमेऱ्यांत तर त्यानंतरही कितीतरी वर्षं जुन्याच धाटणीची फिल्म चालू राहिली. कोडॅकची व्हेरिक्रोम ही खूप खपणारी फिल्म लाल रंग पाहू लागली ती १९५६ मध्ये.

म्हणजे तांबूस तोंडाची मेंढी फोटोत काळी होते. तपकिरी तोंडाची तर होतेच होते. जुन्या फोटोतल्या ‘काळ्या तोंडा’चा अर्थ एवढाच घ्यायचा, की ते पांढरं नव्हतं.

[पडद्यावर : मेंढीचं कपाळ, भिंगातून.]

म्हणून रंग बाजूला ठेवा आणि कपाळ बघा. सफोकचं डोकं सफाचट असतं. लोकर मानेपाशीच थांबते, पायही गुडघ्याखाली उघडे. आमच्या फोटोतल्या बाईसाहेबांनी मात्र लोकरीची टोपी कपाळावर ओढून घेतली आहे. श्रॉपशर, ऑक्सफर्ड, हॅम्पशर या मेंढ्या अशा टोप्या घालतात, आणि त्यांची तोंडं गडद तपकिरी ते काळी, यामधली असतात. सफोक बाद.

शिंगांचं मात्र बरं असतं. कुठल्याही रसायनाला शिंग उगवता येत नाही की खोडता येत नाही. डोक्यावर चार शिंगं दिसली की यादी एकदम आखूड होते. ठिपकेदार अंगाची जेकब, आइल ऑफ मॅनची लोख्टन, स्कॉटलंडच्या पश्चिमेकडची काळी हेब्रिडियन, अमेरिकेतल्या नवाहो लोकांची चुरो. बुचाच्या स्क्रूसारखी सरळ, पिळदार शिंगं असतील तर हंगेरीची राका. काळ्या तोंडावर शिंगं आणि लांब पाय असतील तर नॉर्फोक हॉर्न. ही सफोकची आईच म्हणायची, कारण नॉर्फोक हॉर्न मेंढ्या आणि साउथडाउन मेंढे यांच्या संकरातून सफोक झाली. आईची शिंगं लेकीकडे आलीच नाहीत.

पण शिंगं नसली तर काय? त्यावरून काहीच ठरत नाही. मेरिनो, हर्डविक अशा जातींत शिंगं सहसा मेंढ्यालाच, मादी बोडकी. आणि लहानपणी खच्ची केलेल्या नराची शिंगं इतकी किरकोळ राहतात, की फोटो बघणारा त्याला बिनदिक्कत मेंढी ठरवतो.

[पडद्यावर : दगडी कुंपणाआड कळप. राखाडी मेंढ्या, काळी कोकरं.]

हा दुसरा फोटो. ‘दोन जातींचा कळप’ अशी चिठ्ठी कोणीतरी डकवली आहे. कोकरं काळी आणि आया राखाडी, त्यामुळे असं वाटणं साहजिक. वास्तविक ही सगळी एकाच घरातली. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधलं हर्डविकचं कोकरू जन्मतः काळं असतं, वर्षभराने गडद तपकिरी होतं आणि मग वयाबरोबर राखाडी होत जातं. डोकं आणि पाय मात्र पांढरे होतात, हिमात बुडवून काढल्यासारखे. अशा फोटोत कोकरू हा सगळ्यात मोठा साक्षीदार. शेपटीचंही तेच. मोठ्या मेंढ्यांच्या शेपट्या बऱ्याच ठिकाणी छाटलेल्या असतात, म्हणून मूळ लांबी बघायची तर कोकराची.

याच लेक डिस्ट्रिक्टमध्ये कोणाच्या मेंढीच्या कानाला कुठे चीर आणि पाठीवर कुठे रंगाचा पट्टा, याची छापील पुस्तकं १८१७ पासून निघत आली. फोटोत कान स्वच्छ दिसत असेल तर जात नाही, थेट मालक सापडू शकतो! एक खोच आहे. फोटो कागदावरचा नसून पत्र्यावरचा, टिनटाइप असेल, तर चित्र आरशासारखं उलटं उमटतं. उजव्या कानाची चीर डाव्या कानावर दिसते आणि मेंढी शेजाऱ्याच्या नावावर जाते.

[पडद्यावर : सुरकुतलेल्या मेरिनो मेंढ्याचा जुना फोटो, शेजारी आजचा मेरिनो.]

आता माझ्या मते या खटाटोपातली सगळ्यात मजेशीर अडचण. आपण फोटो आजच्या मेंढीशी ताडून बघतो. पण मेंढी तरी तीच कुठे राहिली? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात अमेरिकेहून व्हरमाँट मेरिनो आणले गेले. अंगभर घड्या, गळ्याशी झालरी. हिशेब साधा होता : कातडी जास्त तर लोकर जास्त. पण त्या घड्यांतून कातर चालवणं महाकठीण, आणि ओलसर सुरकुत्यांत माश्या अंडी घालायच्या. पुढे ती फॅशन मोडली. आजचा गुळगुळीत मेरिनो बघून कोणी त्या फोटोला ‘हा मेरिनो नव्हेच’ म्हणालं तर त्याची चूक नाही, कॅलेंडरची आहे. साउथडाउनही विसाव्या शतकाच्या मध्याला बुटकी, चौकोनी होऊन बसली होती. नंतर पुन्हा उंच झाली.

तेव्हा आधी फोटोचं साल ठरवायचं, मग मेंढीचं नाव.

‘पण गाव ठाऊक आहे ना, मग तिथलीच जात असणार!’ हाही युक्तिवाद नेहमी होतो.

[पडद्यावर : समुद्र, उंच कडे, छप्परं उडालेली दगडी घरं.]

स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा बेटांचं नाव घेतलं की सोए मेंढी आठवते : छोटी, तपकिरी, रानटी. तिथल्या हिर्टा बेटावर आज त्याच चरतात. म्हणून हिर्टावरच्या गावकऱ्यांच्या जुन्या फोटोतल्या मेंढ्याही सोएच, असं वाटतं. २९ ऑगस्ट १९३० रोजी तिथली शेवटची ३६ माणसं बेट सोडून गेली. सोए मेंढ्या तोवर शेजारच्या सोए नावाच्या बेटावर होत्या. त्यांतल्या १०७ हिर्टावर आणल्या गेल्या १९३२ मध्ये, गाव रिकामं झाल्यावर. गावकऱ्यांची मेंढरं काळतोंड्या वळणाची होती. त्यांचे भाऊबंद बोरेरे बेटावर मागे राहिले आणि अजून आहेत.

जाता जाता एक छोटी गोष्ट. काही फोटोंत प्राणी मेंढी की शेळी इथूनच सुरुवात करावी लागते. शेपटी वर ती शेळी, खाली ती मेंढी, हा जुना आडाखा बरा चालतो. आंध्रातली नेल्लोर मेंढी उंच, अंगावर लोकरीऐवजी केस, आणि गळ्याखाली बहुधा दोन लोंबते गलस्तन. ‘अजागळ’ हा आपला शब्द शेळीच्या अशाच निरुपयोगी स्तनांवरून आला. ओळख पटवायला तरी ते उपयोगी पडले.

[पडद्यावर : पहिला फोटो पुन्हा. मागे कुंपणापाशी आणखी दोन मेंढ्या, पाठमोऱ्या.]

आता परत आपल्या फोटोकडे. मागच्या दोघींच्या पाठीवर, शेपटीजवळ गडद, फिसकटलेला डाग आहे. मालकाची खूण असती तर सगळ्यांना एकाच जागी आणि नीट असती. हा मेंढ्याच्या छातीला फासलेल्या रंगाचा डाग; ज्या मेंढीशी त्याचा संग झाला, तिच्या पाठीवर तो उमटतो. रंग बहुधा लाल, म्हणून फोटोत काळा. थंड प्रदेशांत हा हंगाम शरदातला. बाईच्या खांद्यावरच्या शालीशीही ते जुळतं, आणि एकही कोकरू न दिसण्याशीही.

जात? ती छातीठोक सांगता येणार नाही. कळपाच्या शेतात संकर नेहमीचाच. एका जातीचा मेंढा, दुसऱ्या जातीच्या मेंढ्या, हेच तर शेतकऱ्याचं गणित. शुद्ध जातीची मेंढी प्रदर्शनाच्या फोटोत, गळ्यात बिल्ला घालून भेटते. घरच्या दोराला बांधलेली बरेचदा संकरित, आणि पुष्कळदा बाटलीच्या दुधावर वाढलेलं पोरकं कोकरूच मोठं झालेलं. म्हणून तर ती मुलांच्या इतकी जवळ, न बिचकता उभी आहे.

[पडद्यावर : फोटोची पाठ. पेन्सिल हलके हलके लिहिते.]

“दोराला : मेंढी. गडद तोंड, बोडकी, कपाळावर लोकर. श्रॉपशर किंवा तिच्या जवळपासची, कदाचित संकर. सफोक नव्हे. ऋतू शरद. नाव असणारच, लिहायचं राहिलं.”