जुना कॉर्कर घेताना आपला उन्हाळा विसरू नका

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा प्रश्न एकच आहे: बाटलीला कॉर्क बसवायचं यंत्र जुनं घ्यावं का? जरूर घ्यावं. नव्या, हातात धरायच्या दोन दांड्यांच्या कॉर्करपेक्षा जमिनीवर उभं राहणारं जुनं यंत्र मी केव्हाही पसंत करीन. नाशिककडची एखादी लहान वायनरी स्क्रू कॅपकडे वळली, की असं यंत्र विक्रीला निघतं. पण ते आपल्या जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात टिकणारा कॉर्क बसवतं का, हे पाहूनच पैसे मोजा.

कायद्याचं आधीच सांगतो. घरी पिण्यापुरती का असेना, परवान्याशिवाय वाइन करणं महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 प्रमाणे गुन्हा आहे. परवाना हाती येईपर्यंत यंत्राचा सराव पाण्यानं भरलेल्या बाटल्यांवर करा. यंत्र पारखायलाही पाणी पुरतं.

आता उन्हाळा. 750 मिलिलिटरची वाइन 20 अंशांवरून 40 अंशांवर गेली, तर निदान 4-5 मिलिलिटर फुगते. बाटलीचा गळा आतून साधारण 18.5 मिलिमीटर. एवढ्या अरुंद गळ्यात ही पातळी दीड सेंटिमीटरहून जास्त वर चढते, आणि कॉर्कखाली आपण मोकळी जागा सोडतो ती जेमतेम तेवढीच. मग आतली हवा दाबली जाते आणि कॉर्क वर सरकतो, नाहीतर त्याच्या कडेनं वाइन झिरपते. थंड खोली हवीच. पण मे महिन्यात दुपारी वीज गेली की सगळा भार कॉर्कवर येतो. म्हणून त्याच्या अंगावर एकही चुणी नको.

चुणी पडते ती यंत्राच्या जबड्यांमुळे. नेहमीचा कॉर्क 24 मिलिमीटर जाडीचा. जबडे त्याला चारी बाजूंनी आवळून 16 मिलिमीटरच्या आसपास आणतात आणि वरचा दट्ट्या त्याला गळ्यात ढकलतो. उभ्या यंत्रात जबडे पितळी असतात किंवा प्लॅस्टिकचे. पितळी मिळाले तर तेच घ्या. दांडा सावकाश खाली आणा आणि चारही जबडे एकाच वेळी, सारखे मिटतात का ते बघा. कडांवरून बोट फिरवा. खाच लागली, की तीच खाच प्रत्येक कॉर्कवर उभी रेघ मारणार, आणि त्या रेघेतून वाइनला वाट मिळणार. असं यंत्र स्वस्तात मिळालं तरी मी घेणार नाही. स्प्रिंग गंजली असेल, सांध्यातला बोल्ट ढिला असेल, तर ते आपला लेथवाला दुरुस्त करून देईल. झिजलेले जबडे मात्र त्याच मापाचे मिळणं कठीण.

बघायला जाताना आपल्या बाटल्या आणि आपले नवे कॉर्क घेऊन जा. विक्रेता यंत्रासोबत जुन्या कॉर्कची पिशवी देऊ करेल. ते वाळून ठिसूळ झालेले असतात, त्यांच्यावर पारख करू नका. पाणी भरा, तीन-चार कॉर्क बसवा. कॉर्क काचेच्या काठाशी सपाट किंवा किंचित आत बसला पाहिजे. दरवेळी वेगळ्या खोलीवर जात असेल, तर दट्ट्याचा नट फिरवून बघा. आटे गेले असतील तर खोली ठरणार नाही. दट्ट्याचा ठसा कॉर्कच्या मधोमध हवा. मग एखादा कॉर्क उपसून उजेडात फिरवून पाहा, आणि उरलेल्या बाटल्या घरी नेऊन रात्रभर वर्तमानपत्रावर आडव्या ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर सौदा सोडा.

आटे असलेल्या स्क्रू कॅपच्या बाटल्या कॉर्करमध्ये घालू नका; त्यांचा गळा त्या दाबासाठी घडवलेला नसतो, आणि काच तडकली तर हाताला लागेल. यंत्र घरी आलं की पुसून कोरडं करा. जबड्यांना मशीनचं तेल लावू नका, ते कॉर्कवाटे थेट वाइनमध्ये उतरतं. कॉर्क बसवल्यावर बाटल्या दोन-तीन दिवस उभ्या राहू द्या, कॉर्क फुगून गळ्याला धरला की आडव्या करा.