वाहतूक परवाना कोणाच्या कपाटात?

[दृश्य : मे महिन्याची सकाळ, गडचिरोली जिल्हा. फळीवर, म्हणजे पानं मोजून घेण्याच्या जागेवर, उन्हात ओळीनं मांडलेले तेंदूपानांचे, म्हणजे बिडीच्या पानांचे, पुडे.]

एका पुड्यात ७० पानं. हजार पुड्यांची एक गोणी. म्हणजे गोणीमागे सत्तर हजार पानं, आणि तीही पहाटे जंगलात जाऊन एकेक खुडलेली. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा, पण गावात वर्षभरात येणाऱ्या रोख रकमेचा मोठा वाटा याच दिवसांत येतो. पूर्वी या पानांचा लिलाव वनविभाग करायचा. आता वनहक्क कायदा आणि पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) यांच्या आधारानं अनेक ग्रामसभा स्वतःच विक्री करतात. लाखांचे व्यवहार, आणि ते सांभाळणारी माणसं गावातलीच. ती हे कसं करतात, तेच या चित्रफितीत पाहू.

[दृश्य : मेंढा (लेखा) गावाकडे जाणारा रस्ता. बांबूचं बेट.]

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. कागद हातात आला, तरी बांबू गावाबाहेर नेण्याचा परवाना कोणी द्यायचा यावर घोडं अडलं. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढे कायद्याच्या नियमांतही २०१२ साली हे स्पष्ट झालं : परवाना ग्रामसभेची समिती देईल आणि तिच्या निर्णयाला ग्रामसभेची मंजुरी लागेल. हे पुस्तक लक्षात ठेवा. पैशाचा प्रश्न शेवटी त्याच्यापाशीच येतो.

[दृश्य : समाजमंदिरात बसलेली ग्रामसभा. पुढच्या रांगेत महिला.]

इथं ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायत नव्हे. गावातले, किंवा पाड्या-टोल्यातले, सगळे प्रौढ रहिवासी म्हणजे ग्रामसभा. वनहक्काच्या नियमांप्रमाणे किमान निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश महिला हव्यात. गावात २४० प्रौढ असतील, तर १२० जण बसल्याशिवाय ठराव टिकत नाही, आणि त्या १२० मध्ये ४० महिला हव्यात. तेंदूच्या ठरावाची बैठक जानेवारीत होते. लोक तेव्हा घरी असतात, हंगाम अजून दूर असतो, भांडायला वेळ असतो.

सर्वांत जास्त घोळ होतो तो ठरावाच्या वहीत. सह्या आधी आणि मजकूर मागून, ही खोड सरकारी योजनांनी लावली आहे. कोऱ्या पानावर सही मिळाली की दर, ठेकेदार, अटी काहीही मागाहून भरता येतं. म्हणून ठराव बैठकीतच लिहायचा, गोंडीत मोठ्यानं वाचून दाखवायचा, उरलेल्या जागेवर आडवी रेघ मारायची आणि मगच सह्या-अंगठे घ्यायचे.

[दृश्य : बँकेची शाखा. टेबलावर पासबुक, वनहक्काचं अधिकारपत्र.]

खातं ग्रामसभेच्या नावानं, ग्रामपंचायतीच्या खात्यापासून वेगळं. बँक नोंदणी प्रमाणपत्र मागते. ग्रामसभा ही काही नोंदणीकृत संस्था नाही, ती कायद्यानंच उभी आहे. त्यामुळे अधिकारपत्राची प्रत, खातं उघडण्याचा ठराव आणि ग्रामसभेच्या नावाचं पॅनकार्ड एकत्र घेऊन जावं लागतं. ग्रामसभा विक्रेता असल्यानं खरेदीदाराकडून आयकर गोळा करून भरण्याची जबाबदारीही तिच्यावर येते. हे हंगाम संपल्यावर कळलं, तर दंडासकट कळतं.

सही दोघांची, त्यातली एक महिलेची. फळीवर पुडे मोजणारा माणूस मात्र सही करणारा नसावा. मोजणी आणि पैसा एकाच हातात गेला, तर प्रामाणिक माणसावरही संशय येतो, आणि संशय आला की पुढच्या वर्षी गाव दोन गटांत बसतं.

[दृश्य : बंद लिफाफे उघडले जात आहेत. फळ्यावर दर लिहिले जात आहेत.]

एकट्या गावाच्या दीडशे गोण्यांसाठी मोठा खरेदीदार येत नाही. म्हणून शेजारच्या ग्रामसभा मिळून जाहिरात देतात आणि एकाच दिवशी लिफाफे उघडतात. कोरची तालुक्यात तर ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली. पण करारनामा प्रत्येक गावाचा वेगळाच हवा. एका गावाचे पैसे थकले, तर दुसऱ्याचे अडकू नयेत.

आता हिशेब. आकडे केवळ उदाहरणाचे. १५० गोण्या, गोणीला ९,००० रुपये दर : एकूण साडेतेरा लाख. शंभर पुड्यांना ४०० रुपयांनी, म्हणजे गोणीमागे ४,००० रुपये मजुरी धरली, तर सहा लाख मजुरीत गेले. उरले साडेसात लाख. गावात याला रॉयल्टी म्हणतात. मजुरी आठवड्याला वाटली जाते, त्यामुळे ती सहसा बुडत नाही. बुडते ती रॉयल्टी.

कारण सोपं आहे. ठेकेदार थोडी आगाऊ रक्कम देतो, पानं वाळतात, त्यांची मोठी पोती म्हणजे बोद भरले जातात, ट्रक गोदामाकडे जातो. मग बाजार पडला, पानं डागाळली, अशी कारणं सुरू होतात. २०१७ साली दर चांगलेच चढले, पुढच्या वर्षी कोसळले, आणि अनेक गावांची थकबाकी राहिली. सर्वांत चढा दर देणाऱ्यालाच ठेका द्यायचा, हा मोह इथं महागात पडतो. गोणीमागे पाचशे रुपये कमी, पण मागच्या हंगामाचे पैसे वेळेवर देणारा खरेदीदार आम्हाला तरी बरा वाटतो.

आणि आता ते परवान्याचं पुस्तक. करारात हप्ते असे बांधावेत, की बोद जितके हलतील तितक्याची पूर्ण रक्कम आधी खात्यात जमा होईल. पन्नास गोण्यांचे पैसे आले, पन्नास गोण्यांचा परवाना फाडला. धनादेश दाखवून परवाना मिळणार नाही, खात्यात नोंद दिसली पाहिजे. कोऱ्या परवान्यांवर आधीच सह्या करून पुस्तक मुनशीकडे, म्हणजे ठेकेदाराच्या कारकुनाकडे, ठेवणं म्हणजे सगळा माल उधार देण्यासारखंच.

[दृश्य : संध्याकाळ. फळीवर मोजणी. एक तरुणी वहीत नोंद करते.]

मुनशी ठेकेदाराचा असतो. शेकड्यामागे दोन-चार पुडे जास्तीचे घेण्याची त्याची जुनी सवय. चार पुडे ऐकायला किरकोळ वाटतात, पण दीड लाख पुड्यांवर ते सहा हजार होतात, म्हणजे सहा गोण्या फुकट. म्हणून ग्रामसभेची वही वेगळी, आणि प्रत्येक कुटुंबाकडे स्वतःचं कार्ड. रोज संध्याकाळी दोन्ही वह्यांची बेरीज जुळवायची. आठवड्यानं जुळवू म्हटलं, की जुळत नाही.

[दृश्य : हंगामानंतरची बैठक. भिंतीवर लावलेला जमाखर्च.]

रॉयल्टीची वाटणी हा खरा वादाचा मुद्दा. पुड्यांच्या प्रमाणात सगळी वाटली, तर जास्त हात असलेल्या घराला जास्त मिळतं आणि म्हाताऱ्या, आजारी माणसाच्या पदरी काहीच पडत नाही. सगळी कोषात ठेवली, तर पुढच्या वर्षी खुडायला उत्साह राहत नाही. बऱ्याच ठिकाणी मोठा हिस्सा कुटुंबांना बोनस म्हणून आणि उरलेला ग्रामसभा कोषात, असा मधला मार्ग निघतो. प्रमाण काहीही असो, ते जानेवारीच्या ठरावात हवं. पैसे आल्यावर प्रमाण ठरवायला बसलं, तर ज्याचा आवाज मोठा त्याचं प्रमाण ठरतं.

कोषातून वणवा राखणाऱ्यांची मजुरी, फेब्रुवारी-मार्चमधली खूटकटाई (नवी पानं फुटावीत म्हणून तेंदूच्या झुडपांची छाटणी), वह्या आणि लेखापरीक्षकाची फी निघते. पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेला पैसा, मिळतो, पण तो ग्रामपंचायतीमार्फत येतो. त्याची वही आणि तेंदूची वही एक करू नये. अबंध निधीचा हिशेब सरकार मागतं, तेंदूचा हिशेब फळीवर पुडे आणून देणारी बाई मागते, आणि तिला तो त्याच बैठकीत, तिच्या कार्डावरच्या आकड्यासकट, दाखवता आला पाहिजे.