बॅटवरचं दुसरं हस्ताक्षर

[दृश्य : काचेमागे आडवी ठेवलेली बॅट. कॅमेरा हळूहळू शिक्क्यावर येतो.]

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुईव्हिलच्या संग्रहालयात ही बॅट आहे. १९२७ सालची, अमेरिकन बेसबॉलपटू बेब रूथची. कंपनीच्या लंबगोल शिक्क्याभोवती या खाचा दिसतायत? २१ आहेत. या बॅटने होमरन, म्हणजे चेंडू थेट सीमेपार धाडणारा फटका, मारला की रूथ एक खाच कोरायचा. त्या मोसमात त्याने ६० होमरन मारले.

सामन्यात वापरलेल्या जुन्या बॅटी जमवणारे लोक आधी खुणाच बघतात. चेंडूच्या शिवणीचा उमटलेला ठसा. बुटांच्या स्पाइक्समध्ये अडकलेली माती पाडायला बॅट आपटली, त्याचे खळगे. खेळाडूंच्या बाकाजवळच्या रॅकचा लागलेला रंग. मुठीवर पकडीसाठी चोळलेलं काळपट, चिकट पाइन टार. बॅट जितकी राबलेली, तितकी भरवशाची.

आणि सही? १९०५ मध्ये होनस वॅग्नर या बेसबॉलपटूने लुईव्हिलच्या हिलरिच या बॅट बनवणाऱ्या कंपनीशी करार केला आणि त्याची सही बॅटवर डागली जाऊ लागली. मग इतरांच्याही आल्या. पण तीच डागलेली सही दुकानात पोरांसाठी विकायच्या बॅटींवरही असायची. तेव्हा नुसत्या तिच्यावरून काही ठरत नाही; लांबी, वजन, मुठीची जाडी सगळं ताडून बघावं लागतं.

शाईच्या सहीची गोष्ट आणखी अवघड. रूथ वारला १९४८ मध्ये, शार्पी मार्कर बाजारात आला १९६४ मध्ये. रूथची मार्करने केलेली सही कुणी दाखवली, तर चहा पिऊन निघावं. शूलेस जो जॅक्सन या दुसऱ्या खेळाडूला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच्या नावाच्या बऱ्याच सह्या त्याची बायको केटी करायची. तरी त्याची ‘ब्लॅक बेट्सी’ नावाची बॅट २००१ मध्ये ५,७७,६१० डॉलरला गेली. सहीसाठी नव्हे, बॅटसाठी.

[दृश्य : लेथवर फिरणारा लाकडाचा ठोकळा, उडणारा भुसा.]

मला सगळ्यात आवडतं ते मात्र वेगळंच अक्षर. एखादी बॅट हाताला बसली की खेळाडू ती, झिजलेली का असेना, कारखान्याला परत पाठवायचा : अशीच दुसरी करून द्या. ती आली की तिथला एखादा कामगार मेणकट पेन्सिलीने जाड भागावर खेळाडूचं नाव नि तारीख लिहायचा. नमुना हरवू नये, एवढाच हेतू. या कामगारांची नावं कुणाला माहीत नाहीत, पण त्या घाईतल्या ओळीमुळे आज बॅटची किंमत कित्येक पटींनी चढते. विकण्यासाठी लिहिलेलं नव्हतं, म्हणूनच त्यावर विश्वास बसतो.

क्वचित सगळंच एकत्र येतं. १८ एप्रिल १९२३ ला न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममधला पहिला होमरन रूथने ज्या बॅटने मारला, ती त्याने सही करून लॉस एंजेलिसमधल्या एका शाळकरी स्पर्धेला बक्षीस दिली. २००४ मध्ये सदबीजच्या लिलावात तिला १२ लाख ६५ हजार डॉलर मिळाले.

सगळ्याच बॅटींचं नशीब असं नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अपर डेक या खेळाडूंची संग्राह्य कार्डं छापणाऱ्या कंपनीने रूथने वापरलेली एक बॅट विकत घेतली, करवतीने कापली आणि तिच्या बारीक चकत्या कार्डांत बसवून विकल्या. जास्त लोकांना रूथचा तुकडा मिळाला, हे खरं. पण खळगे, शिवणीचे ठसे, पेन्सिलीची ओळ हे सगळं अख्ख्या लाकडावरच वाचता येतं. चकतीवर विश्वास ठेवायचा, तर तो कार्डाच्या मागे छापलेल्या मजकुरावर.